निवडले लोकांनी, हात ठेवले प्रेषितांनी



मार्चअखेरचे हिशेब तपासून झाले की आपल्या कॅथॉलिक मंडळांना वार्षिक सर्वसाधारण सभेचे वेध लागतात. फळ्यावर नोटीस लागते. मागील सभेचे इतिवृत्त, अहवालवाचन, जमाखर्चास मंजुरी, नव्या कार्यकारिणीची निवडणूक, आयत्या वेळचे विषय आणि शेवटी चहा. मिस्सा संपली की निम्मे लोक गाड्यांकडे वळतात. उरलेले मागच्या बाकांवर बसतात. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, तितक्याच माणसांत पुन्हा भरते. मग 'चला, लवकर आटपा' अशा सुरात सगळे पार पडते. मिस्सेत देव भेटतो, सभेत फक्त माणसे भेटतात, आणि तीही भांडणारी, असे आपल्यापैकी अनेकांना मनातून वाटत असते.

पण 'चर्च' या अर्थी आपण मराठीत कोणता शब्द वापरतो ते पाहा. ख्रिस्तसभा! सभा त्या शब्दातच आहे. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत यासाठी 'एक्लेसिया' असा शब्द येतो, आणि ख्रिस्ती लोकांनी तो घेण्यापूर्वी ग्रीक नगरांतील नागरिकांच्या सभेला तेच नाव होते. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात इफिस शहरात पौलाविरुद्ध दंगल उसळते, तेव्हा नगराचा कारभारी लोकांना समजावतो की तुमचे काही म्हणणे असेल तर ते रीतसर सभेत मांडा. तिथेही शब्द एक्लेसियाच आहे. जमणे, ऐकणे, बोलणे आणि ठरवणे हे असे आपल्या नावाबरोबरच आलेले आहे.

त्याच पुस्तकाचा सहावा अध्याय आज मला आपल्यापुढे ठेवायचा आहे. येरुशलेममधील पहिल्या मंडळीत रोज अन्नवाटप होत असे. शिष्यांची संख्या वाढली आणि कुरबुर सुरू झाली. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार अशी होती की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. इब्री लोक तिथले, मायभूमीची भाषा बोलणारे. ग्रीक बोलणारे यहुदी बहुतेक परदेशांतून येरुशलेमला येऊन राहिलेले. प्रभू एक, बाप्तिस्मा एक, भाषा मात्र दोन. आणि वाढणाऱ्याच्या हातातली पळी ओळखीच्या ताटाकडे आधी वळते, हे आपण लग्नाच्या पंगतीत पाहतोच! कोणी मुद्दाम वाईट वागत होते असे लूक म्हणत नाही. पण काही ताटे रिकामी राहत होती आणि ती नेहमी त्याच बाजूची होती.

ही गोष्ट लूकने झाकून ठेवली नाही. पवित्र आत्मा उतरला, हजारोंनी बाप्तिस्मा घेतला, लोकांनी जमिनी विकून पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवले, आणि त्याच मंडळीत वाटपावरून तक्रार झाली, असे तो सरळ लिहितो. आपल्या एखाद्या मंडळाच्या इतिवृत्तात हे वाक्य टिकले असते का, याची मला शंका आहे. 'किरकोळ चर्चा झाली' असे लिहून चिटणीस पुढच्या विषयाकडे वळले असते.

आता प्रेषितांनी काय केले ते सावकाश पाहू. कुरबुर करणे पाप आहे असा उपदेश त्यांनी केला नाही. तक्रार करणाऱ्यांची नावे विचारली नाहीत. आम्हा बारा जणांना प्रभूने स्वतः निवडले आहे, तुम्ही कोण विचारणारे, असेही ते म्हणाले नाहीत. त्यांनी सगळ्या शिष्यांना एकत्र बोलावले आणि सांगितले की देवाच्या वचनाची सेवा सोडून आम्ही वाटपाच्या मागे लागणे बरोबर नाही. तुमच्यातूनच सात जण तुम्ही निवडा. अटी अशा : लोकांत चांगले नाव असावे, पवित्र आत्म्याने भरलेला असावा, शहाणा असावा. भाषण चांगले करता यावे, चारचाकी असावी, बिशपांशी ओळख असावी, यांपैकी एकही अट नाही.

लोकांनी सात जण निवडले. स्तेफन, फिलिप, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा निकलाव. आपण ही नावे वाचनात घाईने उरकतो, कारण ती उच्चारायला अवघड आहेत. पण सारा अर्थ या नावांतच आहे, कारण सातच्या सात नावे ग्रीक आहेत! नुसत्या नावावरून माणसाचा गाव ठरत नाही हे खरे. बारा प्रेषितांतही फिलिप आणि आंद्रिया ही ग्रीक नावे होतीच. तरी सातपैकी एकही इब्री नाव नसावे हा योगायोग मानणे कठीण आहे. शेवटचा निकलाव तर जन्माने यहुदीसुद्धा नव्हता; तो आधी यहुदी धर्मात आलेला आणि मग ख्रिस्ती झालेला, म्हणजे नव्यातला नवा. ज्यांच्या विधवांची ताटे रिकामी राहत होती, त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती मंडळीने पळी दिली. आणि फक्त त्यांच्या गटापुरती दिली नाही, सगळ्यांच्या वाटपाची दिली. बहुसंख्य असलेल्या इब्री लोकांनीही त्यांनाच मत दिले असले पाहिजे, नाहीतर हे घडले नसते. आपल्यातल्या प्रत्येक गटाने आपलाच माणूस पुढे ढकलायचा ही जी रीत आपण निवडणुकीची रीत म्हणून ओळखतो, तिच्या अगदी उलट हे झाले.

आता कुरुळीकडे येऊ. चाकणची औद्योगिक वसाहत वाढत गेली तशी पुणे-नाशिक रस्त्याच्या आजूबाजूची मोशी, चिंबळी, कुरुळी, निघोजे ही शेतीची गावे भाड्याच्या खोल्यांचीही गावे झाली. मिस्सेला आपल्या बाकावर शेजारी कोण असते, याचा एकदा विचार करा. राहाता, श्रीरामपूर, संगमनेर भागातून आलेले, हरेगावची मतमाउलीची यात्रा न चुकवणारे कुटुंब असेल, जालन्याकडचे असेल, वसईचे, गोव्याचे, केरळ-तामिळनाडूचे असेल. आणि अगदी मागे, खांबाशी उभा राहून मिस्सा ऐकणारा झारखंडचा तरुण असेल, जो कंत्राटी कामावर आहे आणि ज्याला आपले मराठी स्तोत्र अजून अर्धेच कळते. त्याचे नाव सभासदांच्या यादीत नाही. वर्गणी कोणाकडे आणि कधी भरायची हे त्याला कळेपर्यंत त्याचे कंत्राट संपते. आपला ग्रीक बोलणारा बंधू तोच नव्हे काय?

शिवाय वेळेचा प्रश्न आहे. या पट्ट्यातल्या पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी सकाळी मिस्सेनंतर सभा ठेवली की पहिल्या पाळीचा कामगार आपोआप बाद होतो आणि रात्रपाळी करून आलेला झोपलेला असतो. मग सभेला येतात कोण? निवृत्त झालेले, स्वतःचे घर असलेले, कचेरीत काम करणारे. ही माणसे वाईट नाहीत. उलट वर्षभर खुर्च्या मांडणे, मयताच्या घरी धावून जाणे, सणाची वर्गणी गोळा करणे हे सगळे त्यांनीच केलेले असते, आणि त्यांचे आभार मानायला आपण विसरू नये. पण दरवर्षी त्यांनीच त्यांच्यातूनच निवडायचे, आणि मदत कोणाला द्यायची हेही त्यांनीच ठरवायचे, असे चालले की पळी ओळखीच्या ताटाकडे वळू लागते. आजारपणाची मदत ज्याचा अर्ज आला त्याला मिळते. अर्ज कसा करायचा हे ज्याला कोणी सांगितलेच नाही, त्याच्या घरचे दुखणे कोणत्याच वहीत येत नाही. म्हणून सभा एखाद्या गुरुवारी संध्याकाळी घेता येईल का, याचा विचार कार्यकारिणीने जरूर करावा.

बहिणींविषयीही एक शब्द. त्या दिवशी तक्रार विधवांच्या ताटाची होती. आपल्याकडे महिलांना समितीत घेतो, पण सजावट आणि चहापान त्यांच्याकडे, आणि खजिनदाराची वही भाऊंकडे! घराचा महिन्याचा खर्च तुटपुंज्या पगारात जी चालवते, तिला मंडळाची वही जमणार नाही असे मानायला काय आधार आहे?

'आमच्याकडे निवडणूक बिनविरोध होते' असे काही मंडळे अभिमानाने सांगतात. खरोखर सगळ्यांनी प्रार्थना करून, बोलून एकमत केले असेल तर ती कृपाच आहे. पण पुष्कळदा बिनविरोध म्हणजे आदल्या रात्री चार घरी ठरलेले असते, आणि सभेत फक्त टाळ्या असतात. तिथे शांतता दिसते, पण ती गप्प बसलेल्यांची शांतता असते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतले पॅनेल, जेवणावळी, भावकीची गणिते आपण जवळून पाहतो आणि त्याला नाके मुरडतो. चर्चच्या आवारात ते नको हे अगदी बरोबर. त्यावर उपाय मात्र निवडणूकच टाळणे हा नव्हे.

ख्रिस्तसभेच्या धर्मकायद्यात मतदानाविषयी कलम १७२ आहे. मत मुक्त असावे, गुप्त असावे, निश्चित असावे, विनाअट असावे आणि नेमके असावे, असे त्याचे सार आहे. दहशतीने किंवा फसवणुकीने घ्यायला लावलेले मत ग्राह्य धरत नाहीत. आपल्या मंडळाला स्वतःची घटना असेल तर आधी ती पाहायची, हे खरे. पण गुप्ततेचा आग्रह का आहे ते कुरुळीत राहणाऱ्याला समजावून सांगायला नको. समजा, पुढच्या रांगेत बसलेल्या उमेदवाराच्या चाळीत मी भाड्याने राहतो. किंवा त्याच्या शब्दावर माझा मुलगा कंपनीत लागला. 'हात वर करा' म्हटल्यावर मी हात वर करणार की नाही? आणि कोणाकडे बघत करणार? कागदाच्या चिठ्ठ्या आणि एक बंद डबा, एवढ्याने माझी सुटका होते. हे विश्वास नसल्याचे लक्षण नव्हे. दुबळ्याला देवापुढे एकट्याने उभे राहता यावे म्हणून केलेली ती सोय आहे.

चांगली माणसे पुढे येत नाहीत, ही दुसरी रडकथा. शास्ते या पुस्तकाच्या ९व्या अध्यायात योथामाने सांगितलेली एक गोष्ट आहे. झाडांना राजा हवा होता. ती जैतुनाकडे गेली, अंजिराकडे गेली, द्राक्षवेलीकडे गेली. प्रत्येकाने आपले तेल, आपली गोडी, आपला रस सोडून यायला नकार दिला. शेवटी काटेरी झुडपाला विचारले, आणि ते एका पायावर तयार! आपल्या धर्मग्रामातली जैतुनाची झाडे 'मला वेळ नाही, त्या राजकारणात कोण पडतो' असे म्हणत दरवर्षी घरी जातात, आणि मग वर्षभर झुडपाच्या काट्यांविषयी तक्रार करतात.

हिशेबाविषयी मात्र थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण तिथेच आपली जीभ अडखळते. जमाखर्च वाचला जातो, कोणी तरी 'मंजूर' म्हणतो, दुसरा 'अनुमोदन' म्हणतो, आणि ज्याने एखादा आकडा विचारला त्याच्याकडे सगळे असे बघतात की जणू त्याने चोरीचा आरोप केला. संत पौलाचे करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय ८ काढून वाचा. येरुशलेमच्या गरीब बांधवांसाठी पौल ठिकठिकाणच्या मंडळ्यांतून वर्गणी गोळा करत होता. ते पैसे न्यायला त्याने तीताबरोबर आणखी एक बंधू घेतला, आणि तो बंधू मंडळ्यांनी निवडून दिलेला होता. का? पौल कारण सांगतो : एवढ्या मोठ्या रकमेबाबत आमच्यावर कोणी बोट ठेवू नये, आणि जे योग्य ते केवळ प्रभूच्या दृष्टीने नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही योग्य असावे. पौलाला कोणी चोर म्हटले नव्हते. तरी त्याने स्वतःवर साक्षीदार ठेवला. संत पौलाला जी खबरदारी कमीपणाची वाटली नाही ती आपल्या खजिनदारांना का वाटावी? पावती दाखवण्याने त्यांचा मान वाढतोच.

वसईत राहून आलेल्यांना तिथली कॅथॉलिक बँक ठाऊक आहे. १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने ती एक पतसंस्था म्हणून सुरू झाली आणि पुढे बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. सहकाराचे मूळ तत्त्व असे की भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. बागायतदाराचे एक, भाजीची पाटी घेऊन बाजारात बसणाऱ्या बाईचेही एक. संचालक सभासदांनी निवडायचे आणि वर्षाचा ताळेबंद सभासदांपुढे ठेवायचा. साध्या विश्वासू लोकांची पै-पै शंभर वर्षांवर अशा शिस्तीच्या चौकटीत जपली गेली. धर्मगुरूने सुरू केलेली संस्था आहे, तेव्हा मतदान कशाला, असे तिथे कोणी म्हटले नाही.

आपली नोंदणीकृत मंडळे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली येतात; हा १९५० चा कायदा पूर्वी मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायदा म्हणून ओळखला जाई. त्यानुसार विश्वस्तांत बदल झाला की ९० दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे आपण ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतो तो द्यावा लागतो. हे काम मागे राहिले की नवी कार्यकारिणी नावापुरती असते आणि कागदोपत्री व बँकेत जुन्यांच्याच सह्या चालू राहतात. निवडून आल्यावर हार घालून घेण्याआधी नव्या चिटणिसांनी ही तारीख वहीत लिहून ठेवावी.

आता खुर्ची सोडण्याविषयी. ११ जून २०२१ रोजी रोममधील प्रापंचिक, कुटुंब व जीवन यांविषयीच्या खात्याने एक फर्मान काढले. ते आंतरराष्ट्रीय कॅथॉलिक संघटनांपुरते आहे, पण त्यातली दृष्टी आपल्यालाही लागू पडते. केंद्रीय पदावर एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षे, आणि सलग दहा वर्षांहून अधिक नाही. पूर्ण सभासदांना निवडणुकीत प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष वाटा असलाच पाहिजे. संस्थापकांना सूट मिळू शकते. एकाच माणसाच्या हाती वर्षानुवर्षे कारभार राहिला की संस्थेचे दान त्या माणसाची मालमत्ता बनू लागते, हा अनुभव त्यामागे आहे. पुढे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सिनडच्या अंतिम दस्तऐवजानेही पारदर्शकता आणि जबाबदारीचा हिशेब या गोष्टींवर भर दिला.

संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे नाव सर्वांना माहीत आहे. २३ एप्रिल १८३३ रोजी पॅरिसमध्ये काही विद्यार्थी जमले आणि तिची सुरुवात झाली. त्यांच्यातला फ्रेडरिक ओझानाम त्याच दिवशी वीस वर्षांचा झाला होता. आज जग त्याला संस्थापक म्हणून ओळखते. १९९७ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याला धन्यवादित घोषित केले. पण अध्यक्ष झाले ते वयाने मोठे असलेले एमान्युएल बाई. सर्वोच्च अध्यक्षपद ओझानामकडे कधीच आले नाही. गरिबांच्या माड्यांचे जिने चढायला त्याला ते लागलेही नाही.

आणि जो हरतो त्याचे काय? कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात यहूदाच्या रिकाम्या जागेसाठी दोन नावे पुढे येतात : योसेफ बर्सबा आणि मत्थिया. दोघेही योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभूबरोबर असलेले, दोघेही तितकेच लायक. प्रार्थना झाली, चिठ्ठ्या टाकल्या, मत्थियाची निघाली. योसेफ रागावून गेला किंवा त्याने वेगळा गट काढला, अशी नोंद कुठेही नाही. पेन्टेकॉस्टच्या दिवशी सगळे एकत्र होते, एवढेच लूक पुढे सांगतो. हरलेल्या उमेदवाराने पुढच्या रविवारी त्याच बाकावर येऊन बसणे ही मोठी साक्ष आहे. जिंकलेल्याने त्याच्या शेजारी जाऊन बसणे त्याहून मोठी.

धर्मगुरूंनी यात काय करावे, असेही काही जण विचारतात. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावरील दस्तऐवजात, संघटना स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा प्रापंचिकांचा हक्क मान्य केला आहे; धर्मगुरूंशी योग्य नाते राखावे एवढी अपेक्षा आहे. धर्मकायद्याचे कलम २१५ तेच सांगते. देशपातळीवरची ऑल इंडिया कॅथॉलिक युनियन ही १९१९ पासूनची प्रापंचिकांची संघटना, आणि जॉर्ज मिनेझिस, जॉन दयाल यांच्यासारख्या प्रापंचिकांनीच तिचे अध्यक्षपद सांभाळले. येरुशलेममध्ये निवडले लोकांनी, हात ठेवले प्रेषितांनी. प्रेषितांनी आपली यादी वाचून दाखवली नाही, आणि लोकांनीही प्रेषितांना वगळून काम सुरू केले नाही. म्हणून वेदीवरून कोणाचे नाव सुचवले जाऊ नये. धर्मगुरूकडून मागायचे ते आशीर्वाद आणि प्रार्थना, मतांची बेरीज नव्हे.

त्या सातांचे पुढे काय झाले? ताटांची व्यवस्था पाहायला निवडलेला स्तेफन पहिला रक्तसाक्षी झाला. त्याला दगडमार होताना मारणाऱ्यांची वस्त्रे शौल नावाच्या तरुणाच्या पायांशी ठेवलेली होती. फिलिप शोमरोनात गेला, गाझाच्या वाटेवर त्याने कूशी अधिकाऱ्याला बाप्तिस्मा दिला. बरीच वर्षे लोटली. २१व्या अध्यायात तोच शौल, आता प्रेषित पौल, येरुशलेमला जाताना कैसरियात थांबतो. मुक्काम फिलिपाच्या घरी. स्तेफनाच्या सोबत्याच्या घरी! त्या रात्री दोघे काय बोलले हे लूकने लिहिलेले नाही. फिलिपाची ओळख मात्र तो तेव्हाही अशीच करून देतो : सुवार्तिक, सातांपैकी एक.